तेल काळे पडले म्हणून पोर चोर ठरत नाही

आमच्या वस्तीतील एक मुलगा दोन वर्षांपासून एका गॅरेजमध्ये काम शिकत आहे. वय एकोणीस. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. एका रात्री नऊच्या सुमारास मायलेक दोघेही माझ्या दारात उभे राहिले. मुलाची मान खाली आणि आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत काही बिले. मी कचेरीतून येऊन नुकताच पानावर बसलो होतो. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आधी जेवून घ्या. पण ह्यानं चोरी केली का नाही, तेवढं आज मला सांगा. केली असंल तर मीच ह्याला घराबाहेर काढते."

प्रकरण असे होते. त्या गॅरेजमध्ये एका गृहस्थांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट गाडी देखभालीला येते. गाडी त्यांच्या वडिलांची, जिवापाड जपलेली. शेठनी मुलाला पैसे देऊन नवे इंजिन ऑइल आणायला सांगितले, त्याने ते आणले, जुने काढून नवे भरले. पंधरा दिवसांनी गृहस्थांनी बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढली, तर तेल डांबरासारखे काळे. गाडी जेमतेम दोनशे किलोमीटर चालली होती. ते गॅरेजमध्ये येऊन म्हणाले, "आमचा पूर्वीचा मिस्त्री तेल बदलायचा तेव्हा ते महिनोन्‌महिने पिवळे राहायचे. तुमच्या पोराने तेल बदललेलेच नाही." शेठनी मागचापुढचा विचार न करता डबे बाहेर विकल्याचा ठपका मुलावर ठेवला आणि पगारातून १८०० रुपये कापले.

मी बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्चात एक रुपया कमी पडला तर तो शोधून काढीन, पण इंजिनातील तेलाचे मला काय कळणार? बिले पाहिली, तारखा जुळत होत्या. तरीही शेठ म्हणणार की बिल काय, कोठूनही आणता येते. तेव्हा आमच्याच वस्तीत राहणाऱ्या, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिक मामांकडे गेलो. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि मुलाला एकच प्रश्न विचारला, "काढलेलं जुनं तेल कुठं आहे?"

ते सापडले हे नशीब. एरवी गॅरेजमधील जळके ऑइल एका मोठ्या पिंपात एकत्र ओततात. हे पाच लिटरच्या डब्यात कोपऱ्यात राहून गेले होते आणि डब्यावर मुलाने खडूने गाडीचा नंबर व तारीख लिहिलेली होती. शनिवारी संध्याकाळी मामांनी एका टीपकागदावर त्या डब्यातील तेलाचा एक थेंब टाकला, आणि शेजारी फियाटच्या इंजिनातील, नवे म्हणून भरलेल्या पण काळ्या झालेल्या तेलाचा एक थेंब. कागद रात्रभर आडवा ठेवला. रविवारी सकाळी पाहिले तर दोन थेंबांत जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या तेलाच्या डागात मधोमध बुबुळासारखा घट्ट काळा ठिपका आणि भोवती नुसते तेलकट पिवळे वर्तुळ. दुसऱ्या डागात मात्र काळेपणा मधल्या मधे न थांबता कडेपर्यंत सारखा पसरलेला, पाण्यात विरघळलेल्या शाईसारखा.

मामा म्हणाले, "ही दोन तेलं एक नाहीत. दुसऱ्यात अजून धुवायची ताकद आहे. पोरानं नवं तेल घातलंय."

मग ते काळे का झाले? वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर मामांकडून आणि नंतर पुस्तकांतून मिळवताना मला जे समजले ते तुमच्यापुढे मांडतो. आपल्या घरांतून कितीतरी मुले गॅरेजमध्ये आहेत, ड्रायव्हर आहेत, आणि असा आळ उद्या कोणावरही येऊ शकतो.

आपल्या भगिनींना हे चटकन समजेल. मळके कपडे नुसत्या पाण्यात बुचकळले तर पाणी फारसे काळे होत नाही, कारण मळ कपड्यातच राहतो. तेच साबणाच्या पाण्यात भिजवले की पहिले पाणी काळेकुट्ट निघते. ते पाहून साबण खोटा होता असे कोणी म्हणत नाही. आजच्या इंजिन ऑइलमध्ये असाच साबणासारखा गुण असलेली रसायने मिसळलेली असतात. काही रसायने धातूवर बसलेला चिकट थर सोडवतात. काही सुटलेल्या काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, त्यांना तेलातच तरंगत ठेवतात, म्हणजे तेल काढले की घाणही त्याबरोबर बाहेर जाते. ही कल्पना १९३० च्या दशकातील. अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसू लागल्या, तेव्हा त्यावर उपाय म्हणून अशी तेले निघाली. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलांचे रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी असे तीन वर्ग पाडले. धुण्याचा गुण त्यांपैकी हेवी ड्यूटी तेलात होता. रेग्युलर म्हणजे साधे खनिज तेल.

आता त्या गृहस्थांचे म्हणणे पुन्हा वाचा. पूर्वीचा मिस्त्री घालायचा ते तेल महिनोन्‌महिने पिवळे राहायचे. ते साधे, स्वस्तातले तेल होते. काजळी त्याही वेळी तयार होतच होती, पण तेल तिला धरून ठेवत नव्हते. ती खाली चेंबरमध्ये जाऊन बसत होती, नळ्यांच्या कोपऱ्यांत साचत होती. पट्टीवर तेल पिवळे दिसे आणि मालक खूश. वर्षानुवर्षे साचलेल्या त्या गाळावर मुलाने धुणारे नवे तेल ओतले, आणि त्या तेलाने आपले काम सुरू केले. पंधरा दिवसांत जो काळेपणा दिसला तो पंधरा दिवसांचा नव्हता, कित्येक वर्षांचा होता.

शिवाय जुने तेल कधीच पूर्ण निघत नाही. मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेबाने सांगतो. समजा इंजिनात चार लिटर तेल बसते आणि खालचा बोल्ट काढल्यावरही नळ्यांत, फिल्टरमध्ये, चेंबरच्या तळाशी मिळून अर्धा लिटर राहिले. म्हणजे नव्या तेलात पहिल्या मिनिटापासून आठवा हिस्सा जुना. चहाच्या पातेल्यात जुनी काळी भुकटी तशीच ठेवून नवे दूध ओतले तर रंग काय येईल? इंजिन थंड असताना तेल काढले तर आणखी जास्त राहते, म्हणून जाणकार मिस्त्री गाडी चालवून आणतो आणि तेल गरम असतानाच सोडतो.

हे झाले आधीच्या घाणीचे. जुन्या इंजिनात नवी घाणही जास्त तयार होते.

कंदील आपण सर्वांनी पाहिलेला आहे. वात बेताची असली की काच स्वच्छ राहते, वात जास्त वर केली की धुपते आणि काच काळी होते. जळायला तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काजळी. जुन्या गाडीतील कार्बोरेटर हा असाच प्रकार आहे. त्याचे जेट झिजलेले असतात, फ्लोटची सुई नीट बसत नाही, चोक पूर्ण उघडत नाही, आणि पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त जाते. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर क्षणोक्षणी पेट्रोल मोजून सोडतो. जुन्या गाडीत हे काम एका पितळी भोकावर सोपवलेले आहे, आणि ते भोक साठ वर्षांत मोठे झालेले असते.

ही काजळी तेलात कशी जाते? पिस्टनभोवती रिंगा असतात, त्या वरचा जाळ खाली येऊ देत नाहीत. पण रिंगा आणि बोअर झिजले की प्रत्येक ठोक्याला जळालेला वायू फटीतून खाली चेंबरमध्ये शिरतो. त्याच्याबरोबर काजळी, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ येते. पाण्याचे ऐकून मला आश्चर्य वाटले होते. पण एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे रसायनशास्त्र आहे. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, थोडे खाली शिरते. गाडी रोज लांब पल्ल्याला चालली तर तेल चांगले तापते आणि ही वाफ निघून जाते. पण हौसेची जुनी गाडी रविवारी काढायची, समुद्रावर एक चक्कर मारायची, फोटो काढायचे आणि पुन्हा ताडपत्रीखाली. इंजिन तापते न तापते तोच बंद. पाणी आतच राहते, काजळीशी मिसळते आणि गाळ होतो. कधीकधी तेल भरायच्या झाकणाखाली पिवळसर सायीसारखा थर दिसतो तो ह्यामुळेच. टॅक्सीचे तेल कामाने खराब होते, हौसेच्या गाडीचे बसून बसून.

ही वाफ आणि वायू बाहेर काढायची व्यवस्थाही पूर्वी कच्ची होती. चेंबरमधून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी वेगात असली तरच वाऱ्याच्या ओढीने वायू खेचला जाई. गाडी सिग्नलला उभी, तर वायूही आतच उभा. हा वायू झडपेतून पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाली.

आणि फिल्टर? वाहनाला तेलाचा फिल्टर हवा ही गोष्टच मुळी उशिरा सुचली. अर्नेस्ट स्वीटलँड नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये तो बनवला. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी, जी १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटी निघाली, तिला तेलाचा फिल्टर नव्हता. जुन्या फोक्सवागन बीटलला नुसती तारेची जाळी, आपल्या चहाच्या गाळणीसारखी. पुष्कळ जुन्या गाड्यांत फिल्टर असला तरी पंपाने ढकललेल्या तेलापैकी थोडाच भाग त्यातून जाई, बाकीचे तसेच बेअरिंगकडे. तरीही एक खुलासा करतो. चांगला फिल्टर लावला म्हणून तेल पिवळे राहील असे नाही. फिल्टर वाळूसारखे बोचरे कण अडवतो. सुटी काजळी इतकी बारीक असते की फिल्टरच्या कागदातून ती सहज पार होते. रंग फिल्टरने जात नाही.

उष्णता हे आणखी एक कारण. भजीवाल्याच्या कढईतील तेल सकाळी कसे असते आणि रात्री कसे, हे सांगायला नको. तेथे काजळी नाही, पिस्टन नाही, तरी तेल काळे होते, कारण तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी मिळून बदलत जाते. रेडिएटर अर्धा तुंबलेला, पंख्याचा पट्टा सैल आणि मुंबईची रहदारी, अशा स्थितीत जुने इंजिन सारखे तापते आणि तेल लवकर म्हातारे होते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग काळे तेल म्हणजे चांगलेच. तसेही नाही. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये, एवढेच मामांचे सांगणे. डिझेल गाडीचे तेल तर बदलल्यावर थोड्याच अंतरात काळे होते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. पट्टीवरचे तेल हुंगून पाहा. पेट्रोलचा वास येत असेल, आणि तेल न घालता पातळी वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल खाली उतरते आहे. तेल चहासारखे दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले. थेंब बोटावर घेऊन उन्हात धरला आणि चकाकणारे बारीक कण दिसले तर बेअरिंग झिजते आहे, गाडी उभी करा. ह्या तिन्ही गोष्टी काळेपणापेक्षा वाईट आहेत. आणि टीपकागदावर मधोमध घट्ट काळा ठिपका बसू लागला की तेलाची धुण्याची ताकद संपली, मग किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदलावे. हौसेच्या गाडीला किलोमीटर मोजून उपयोग नाही, वर्षातून एकदा तरी बदलायलाच हवे.

मुलाची एक चूक मात्र होती, आणि ती मामांनी त्याला तेथेच ऐकवली. इतक्या वर्षांचा गाळ साचलेल्या इंजिनात धुणारे तेल एकदम घालणे धोक्याचे असते. गाळाचा मोठा तुकडा सुटला आणि पंपाच्या जाळीवर बसला तर तेल वर चढत नाही, ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि ड्रायव्हरचे लक्ष नसेल तर इंजिन जॅम. आधी चेंबर खाली उतरवून गाळ साफ करायला हवा होता. मुलगा म्हणाला, "मी शेठला म्हटलं होतं. ते म्हणाले गॅस्केटचा खर्च कोण देणार?" मामा गप्प बसले.

जुन्या गाळाविषयी घरातील मंडळींनाही एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वी चाललेल्या इंजिनांच्या गाळात शिसे असू शकते. आणि जळके ऑइल कोणत्याही गाडीचे असो, त्यात अशी द्रव्ये तयार झालेली असतात की ती वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिली तर कातडीचा कर्करोग होऊ शकतो. आपली मुले कोपरापर्यंत हात त्यात बुडवतात, मग पेट्रोलने हात धुतात, म्हणजे कातडीचे उरलेसुरले संरक्षणही गेले. तेलकट कॉटन वेस्ट पँटच्या खिशात कोंबून दिवसभर वावरतात. हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवू नयेत. गावाकडे जनावराच्या जखमेला किंवा खरजेला काळे ऑइल लावायची रीत अजून काही ठिकाणी आहे, ती बंद करा. गटारात तर ते ओतूच नये. परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच ते द्यायचे असा नियम आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेले तेल परत गोळा होऊन त्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी आली आहे.

असो. त्या फियाटकडे वळतो. ह्या गाडीशी मुंबईच्या कष्टकऱ्यांचे जुने नाते आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनत असे, पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने हजारो घरांची चूल पेटती ठेवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या आहेत त्या हौसेच्या गाड्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येते. मग तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि ती धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे बसून बसून तेल बिघडण्याची तरतूद कायद्यानेच झाली म्हणायची!

टीपकागद घेऊन आम्ही तिघे गॅरेजमध्ये गेलो. शेठनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हा डबा त्याच गाडीचा कशावरून? खडूने काय कोणीही लिहील." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हिशेब तपासणारा मीही तेच विचारले असते. मग मामांनी सुचवले की गाडीमालकालाच बोलवा. ते गृहस्थ आले, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यासमोर तेल सोडले, चेंबर उतरवला. तळाशी बोटभर जाड काळा गाळ, खरवडला तर गूळ खरवडल्यासारखा निघत होता. गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. चेंबर धुऊन, नवे गॅस्केट लावून, त्यांनीच आणलेल्या डब्याचे सील त्यांनीच फोडून तेल भरले. मामांनी त्यांना सांगितले, "साहेब, हे पण काळं होईल. पण आधीसारखं पंधरा दिवसांत नाही."

गृहस्थ गाडी घेऊन लोणावळ्याला जाऊन आले. परत आल्यावर तेल गडद तपकिरी होते. दीड महिन्याने काळे झाले. त्यांनी स्वतः शेठना फोन करून कळवले, आणि मग चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घेतले. तिसऱ्यात कमी निघाले. रिंगांचे काम दिवाळीनंतर करायचे ठरले आहे.

शेठनी १८०० रुपये दोन हप्त्यांत परत केले. माफी मागितली नाही. ताईंना त्याचेच दुःख आहे. मुलगा म्हणतो, काम शिकून होईपर्यंत तेथेच राहणार. त्याने शाळेच्या जुन्या वहीत टीपकागदाचे तुकडे चिकटवले आहेत, प्रत्येक डागाखाली गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर. मागच्या रविवारी दाखवायला घेऊन आला होता. एकतीस डाग झाले आहेत.